पद्मिनीच्या साइड इंडिकेटरची वायरिंग हातात घेण्याआधीची तयारी

रंगकाम करून उभी केलेली जुनी पद्मिनी किंवा अँबॅसिडर सुरू होते, चालते, पण साइड इंडिकेटर नीट लागत नाही, ही तक्रार नेहमीची आहे. अशा वेळी लगेच नवा फ्लॅशर (इंडिकेटर मिचमिचवणारा डबीसारखा भाग) आणि नवी वायरिंग किट विकत घेऊ नका. गाडी नुकतीच रंगवली असेल तर दोष बहुतेकदा अर्थिंगमध्ये, म्हणजे दिव्यापासून बॉडीमार्गे बॅटरीकडे परतणाऱ्या करंटच्या वाटेत असतो. त्यामुळे तयारीतली मोठी मेहनत तिथेच करायची.

काम सकाळी लवकर सुरू करा. एप्रिल-मेमध्ये सोलापुरात पारा चाळिशीच्या वर असतो. उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डखाली डोकं घालून काम होत नाही, आणि तापलेल्या जुन्या वायरीचं आवरण हात लावताच तडकतं. सावली, पुरेसा उजेड आणि मडगार्डवर अंथरायला एक जुनी सोलापुरी चादर एवढं आधी जमवा. पट्ट्याचं बक्कल किंवा हातातला पाना एकदा घासला तरी नव्या रंगावर कायमचा ओरखडा उठतो.

सामान थोडंच लागतं, पण अर्ध्या कामातून नव्या पेठेत धावावं लागू नये म्हणून सगळं आधी मांडून ठेवा. डिजिटल मल्टिमीटर, 12 व्होल्टचा टेस्ट लॅम्प, दोन्ही टोकांना क्लिप असलेली हातभर वायर, तारेचा छोटा ब्रश, बारीक पॉलिश पेपर, थिंबल (वायरीच्या टोकाला बसणारं धातूचं टोपण) दाबायचा पक्कड, 6 मिलिमीटर भोकाच्या दहा-बारा रिंग थिंबल, तितकेच दातेरी वॉशर, पेट्रोलियम जेली, मास्किंग टेप आणि पेन. बल्ब 21 वॉटचेच घ्या आणि दोन जास्तीचे ठेवा. जुन्या फ्यूज बॉक्समध्ये चिनी मातीचे टॉर्पेडो फ्यूज असतील तर पांढरा 8 अँपिअरचा आणि लाल 16 चा असतो. पांढऱ्याच्या जागी लाल बसवून काम भागवू नका, वायर जळेल पण फ्यूज उडणार नाही. वायर गाडीसाठीची बहुतारी घ्या: मुख्य पुरवठ्याला आणि अर्थिंगला 1.5 चौरस मिलिमीटर, प्रत्येक दिव्याला 1 चौरस मिलिमीटर. घरच्या वायरिंगची एकतारी वायर गाडीच्या थरथरीने थिंबलच्या तोंडाशी तुटते.

साधी काळी इन्सुलेशन टेप घेऊ नका. इथल्या उन्हाळ्यात तिचा गोंद पाघळतो, टेप सुटते आणि उघड्या जोडावर धूळ चिकटते. हीट श्रिंक (तापवल्यावर आवळणारी) नळी वापरा आणि वायरी नव्या पीव्हीसी स्लीव्हमधून न्या. गाडी बरेच महिने उभी असेल तर डिकीच्या अस्तरामागे आणि डॅशबोर्डखाली उंदरांनी कुरतडलेल्या वायरी आधी शोधा. तो दोष मीटरच्या आधी डोळ्यांना दिसतो.

आता एक गोष्ट फार कमी जण पाळतात. या गाड्यांना कॉइल आणि पॉइंटचं इग्निशन असतं: कॉइल ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवते आणि पॉइंट तिचा करंट जोडतात-तोडतात. इंजिन बंद ठेवून चावी ऑन ठेवली आणि पॉइंट मिटलेल्या जागी थांबलेले असले, तर कॉइलमधून सलग करंट वाहतो आणि काही मिनिटांत ती भाजण्याइतकी तापते. तपासणीला तास-दीड तास लागतो, म्हणून कॉइलकडे येणारी पुरवठ्याची वायर काढा, तिचं टोक नळीत झाका आणि मगच चावी फिरवा. बॅटरी सगळं बंद असताना 12.6 व्होल्टच्या आसपास दाखवायला हवी. 12.2 म्हणजे ती निम्मी उतरली आहे. आधी चार्ज करा, नाहीतर पुढचं प्रत्येक माप फसवेल.

वायरीच्या रंगांवर विसंबू नका. अँबॅसिडरमध्ये लुकास या ब्रिटिश कंपनीची रीत असते: हिरवा चावीनंतरचा फ्यूजमधला पुरवठा, फिकट हिरवा-तपकिरी फ्लॅशरकडून स्विचकडे, हिरवा-लाल डावा, हिरवा-पांढरा उजवा. पण तीस-चाळीस वर्षांत चार हात लागलेल्या गाडीत मूळ रंग टिकलेले नसतात. म्हणून काहीही सोडवण्याआधी प्रत्येक वायरीला मास्किंग टेपची चिठ्ठी लावा आणि मोबाइलवर फोटो काढा. करंटचा मार्ग मात्र तोच असतो: बॅटरी, चावी, फ्यूज, फ्लॅशरचं बी टर्मिनल (पुरवठा येतो ते), एल टर्मिनल (दिव्यांकडे जातं ते), स्टिअरिंगवरचा स्विच, डावे किंवा उजवे दिवे, आणि तिथून बॉडीमार्गे परत बॅटरीकडे.

फ्लॅशर टिकटिकत असताना मीटरचे आकडे नाचतात आणि काही कळत नाही. म्हणून फ्लॅशर काढून त्याच्या बी आणि एल वायरी क्लिपच्या वायरीने थेट जोडा. स्विच एका बाजूला टाकल्यावर त्या बाजूचे दिवे न मिचमिचता सलग लागले पाहिजेत. दोन्ही बाजूंना पूर्ण उजेडाने लागले तर दोष फ्लॅशरचा. एकच बाजू लागली तर फ्यूज आणि पुरवठा निर्दोष, आणि स्विचचा एक संपर्क, त्या बाजूची वायर किंवा तिकडचं अर्थिंग संशयित. काहीच लागलं नाही तर बी वायरीवर टेस्ट लॅम्प लावा. तिथेही अंधार असेल तर मागे फ्यूज आणि चावीकडे जा.

दिवे सलग लागलेले असतानाच अर्थिंग मोजा. मीटरची काळी तार बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि लाल तार बल्बच्या होल्डरच्या धातूवर. 0.2 व्होल्टपर्यंत ठीक, 0.5 च्या पुढे गेलं की तो जोड उघडायचाच. 21 वॉटचे दोन बल्ब मिळून साधारण साडेतीन अँपिअर घेतात, त्यामुळे अगदी थोडा अवरोधही दिव्यावर दिसतो. बल्बला 12 ऐवजी 11 व्होल्ट मिळाले तर उजेड जवळपास चतुर्थांशाने घटतो. नव्या गाडीइतका जाड, चकचकीत रंग आणि पावडर कोटिंग हे उत्तम इन्सुलेटर आहेत. होल्डर रंगावर बसतो, बोल्ट रंगात फिरतो आणि करंटला परतीची वाट उरत नाही. मग तो दुसरी वाट शोधतो: इंडिकेटरबरोबर टेल लॅम्प मिणमिणतो, ब्रेक दाबला की इंडिकेटर थांबतो. अशी भुतं दिसली की वायरिंग उकलू नका, मागच्या दिव्यांचं अर्थिंग बघा.

उपाय सरळ आहे. बोल्टखालचा रंग वॉशरच्या घेराएवढा खरवडून चकचकीत पत्रा उघडा करा, थिंबल आणि पत्रा यांच्यामध्ये दातेरी वॉशर घाला, घट्ट आवळा आणि वरून पेट्रोलियम जेली फासा, म्हणजे पावसाळ्यात गंज धरत नाही. मागच्या दोन्ही होल्डरांपासून स्वतंत्र काळी वायर डिकीतल्या एकाच बोल्टवर आणा. बॅटरी ते बॉडी आणि इंजिन ते बॉडी या पट्ट्याही काढून साफ करा.

मिचमिचण्याचा वेग पुष्कळ सांगतो. जुना थर्मल फ्लॅशर करंटने तापून चालतो. एक बल्ब गेला की तो मंदावतो किंवा दिवा सलग लागून राहतो. बल्ब तपासणारा इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर त्याच दोषात दुप्पट घाई करतो. योग्य वेग मिनिटाला 60 ते 120. एलईडी बल्ब घातले तर थर्मल फ्लॅशरला पुरेसा करंटच मिळत नाही. बाजूला रेझिस्टर जोडून तो चालवता येतो, पण रेझिस्टर इतके तापतात की जवळचा रंग आणि वायर भाजते. त्यापेक्षा अर्थची वायर असलेला इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर बसवा. आमच्या मते अशा गाडीत साधे बल्बच शोभतात आणि कमी त्रास देतात.

डॅशबोर्डवर दोन्ही बाजूंना मिळून एकच पायलट दिवा (इंडिकेटर चालू असल्याचं दाखवणारा) असेल तर तो डाव्या आणि उजव्या वायरींच्या मध्ये जोडलेला असू शकतो. त्याची परतीची वाट विरुद्ध बाजूच्या बल्बमधून जाते. साध्या बल्बला ते चालतं, एलईडी घातल्यावर मात्र चारही दिवे एकदम लुकलुकतात. तिथे दोन्ही बाजूंकडून 1एन4007 चा एकेक डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) घालून पायलटचं दुसरं टोक बॉडीला द्या.

शेवटी फ्लॅशर परत बसवून हेडलाइट, ब्रेक आणि वायपर सगळं चालू ठेवा आणि दोन्ही बाजूंचे फटके घड्याळ लावून मोजा. दुसऱ्या माणसाने त्या वेळी स्टिअरिंग पूर्ण फिरवावं आणि वायरींचा जुडगा हलवून पाहावा. पाइपने मागच्या दिव्यांवर पाणी मारून पुन्हा मोजा. कॉइलची वायर जोडायला विसरू नका, आणि होटगी रोडवर चक्कर मारायला निघण्याआधी दोन बल्ब, चार फ्यूज आणि एक फ्लॅशर ग्लोव्ह बॉक्समध्ये टाका.