ब्लेंडर उघडण्याआधी

थ्री-डी शिकायचं ठरलं ना, मग आधी माउस आणा, ब्लेंडर हे थ्री-डीचं सॉफ्टवेअर नंतर. मधलं चाक दाबता येईल असा साधा माउस पुरतो. ते चाक दाबून धरलं की दृश्य फिरतं. टचपॅडवर आठवडाभरात जीव मेटाकुटीला येतो. कीबोर्डला नंबरपॅड (उजवीकडचे वेगळे आकडे) नसेल तर ब्लेंडरच्या प्रेफरन्सेसमध्ये इनपुटखाली ‘एम्युलेट नंबरपॅड’ चालू करा. ब्लेंडर फुकट आहे, त्यामुळे वाचलेले पैसे रॅमवर घाला. 8 जीबी म्हणजे अगदी किमान. व्हिडिओ बघून शिकणार असाल तर 2019 च्या आधीचे सोडून द्या. त्या वर्षी ब्लेंडरचं 2.80 आलं आणि सगळी मांडणीच बदलली.

पहिल्याच दिवशी माणूस बनवायला जाऊ नका. घरातला तांब्या घ्या. टेपनं तोंड, गळा, पोट, बूड आणि उंची मोजून वहीत लिहा. फोटो काढताना दोन पावलं मागं सरकून झूम करा, जवळून काढला तर पोट फुगतं. तांब्याची अर्धीच कड काढायची आणि स्क्रू मॉडिफायरनं ती गोल फिरवायची, तांब्या उभा राहतो. मापं मात्र टाकाच, कारण उघडल्यावर समोर दिसणारा ठोकळा 2 मीटरचा असतो; त्याच्या अंदाजानं केलेला तांब्या हौदाएवढा होतो.

लॅपटॉप चादरीवर ठेवू नका. सोलापुरी चादरीची ऊब जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेवरून आल्यावर बरी वाटते, एप्रिलात रेंडर (संगणकानं पक्कं चित्र काढणं) चालू असताना नाही. पाट घ्या, दोन्ही बाजूंनी वारा खेळू द्या.

आणि लाइट जाते हे धरून चाला. सेकंदाला 24 फ्रेम, म्हणजे 24 चित्रं, म्हणजे 10 सेकंदांच्या ॲनिमेशनला 240 फ्रेम. एकेकीला दीड मिनिट धरलं तरी 6 तास. मी पहिल्यांदा थेट व्हिडिओ फाइलमध्येच रेंडर लावून झोपलो. पहाटे लाइट गेली, जुनी बॅटरी दहा मिनिटांत बसली आणि सकाळी ती फाइल उघडेचना. तेव्हापासून रेंडर पीएनजी चित्रांत. 137 व्या फ्रेमला लाइट गेली तर 137 पासूनच पुढे. त्यासाठी वेगळा फोल्डर आधीच करून ठेवा, नाहीतर 240 चित्रं भलतीकडेच सांडतात.

फाइलला तांब्या-01, तांब्या-02 अशी नावं द्या. ‘फायनल’ नको, माझ्याकडे तसे सात तांबे आहेत.