त्वचेच्या सर्वांत बाहेरच्या थराची तरलता मोजताना या चुका टाळा

एटीआर-एफटीआयआर यंत्राने (स्फटिकाला टेकलेल्या नमुन्याने कोणते अवरक्त किरण शोषले ते हे यंत्र दाखवते) शृंगस्तराची, म्हणजे त्वचेच्या सर्वांत बाहेरच्या थराची, तरलता तपासताना आपण तिथल्या स्निग्ध पदार्थांच्या लांब साखळ्या किती ताठ वा विस्कळीत आहेत, हे पाहत असतो. साखळ्या ताठ असतील तर सीएच२ गटाचे (एक कार्बन, दोन हायड्रोजन) सममित ताणाचे, म्हणजे दोन्ही बंध एकाच वेळी लांब-आखूड होण्याच्या कंपनाचे, शिखर २८५० सेमी⁻¹ या तरंगांकाच्या (एका सेंटीमीटरमधील तरंगांच्या संख्येच्या) आसपास येते; त्या सैलावल्या की ते जेमतेम दोन-चार अंकांनी वर सरकते. एवढ्याशा फरकावर निष्कर्ष उभा असल्यामुळे, त्वचेवर लावलेल्या औषधाखेरीज आणखी कशाने शिखर सरकले असेल, हे आधी पाहावे.

सर्वाधिक फसगत त्वचेवरच्या तेलामुळे होते. यंत्राच्या हिऱ्याच्या स्फटिकावर ४५ अंशांच्या कोनात या तरंगांकाची किरणे त्वचेत एक मायक्रॉनही खोल जात नाहीत, त्यामुळे कपाळावरचे सीबम (त्वचेच्या ग्रंथींतून पाझरणारे तेल) किंवा सकाळी चोळलेले खोबरेल यांचाच वर्णपट हाती येतो आणि निरोगी त्वचाही अतितरल भासते. म्हणून मोजमाप हाताच्या आतल्या बाजूला घ्यावे, आदल्या रात्रीपासून काहीही लावू देऊ नये आणि १७४५ सेमी⁻¹ जवळचे एस्टरचे (तेलातील एका रासायनिक गटाचे) शिखर ठळक दिसल्यास चिकटपट्टीने एक थर काढून पुन्हा मोजावे. हेक्झेनने घासून पुसण्याचा मोह मात्र आवरावा, कारण त्यात थराचे स्वतःचे स्निग्ध पदार्थही विरघळतात.

ओलेइक आम्लाचा (शृंगस्तर सैल करणाऱ्या एका मेदाम्लाचा) परिणाम तपासताना हीच अडचण आतून येते, कारण त्याच्याही साखळीत सीएच२ असतात. ड्युटेरियमयुक्त (साध्या हायड्रोजनच्या जागी त्याचे जड समस्थानिक असलेले) ओलेइक आम्ल वापरल्यास त्याची शिखरे २१०० ते २२०० सेमी⁻¹ च्या दरम्यान वेगळी पडतात. त्याशिवाय केलेला तरलतेचा दावा माझ्या मते ग्राह्य धरू नये.

नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो. अशा उन्हातून आलेल्या स्वयंसेवकाला निदान अर्धा तास एसीच्या, २० ते २२ अंश तापमानाच्या खोलीत बसवावे. कूलरवर भागवू नये. तो हवा गार करतो, पण दमटही करतो, आणि ओलसर त्वचेतील पाण्याच्या ३३०० सेमी⁻¹ जवळच्या रुंद पट्ट्याचा उतार २८५० पर्यंत पोहोचून शिखराचा माथा ढळतो. आधाररेषा दुरुस्त करून द्वितीय अवकलजावरून (वक्राचा उतार कसा बदलतो हे दाखवणाऱ्या आलेखावरून) स्थान ठरवणे अधिक भरवशाचे.

काढलेल्या त्वचेवर काम करणाऱ्यांनी बाह्यत्वचा ६० अंशांच्या पाण्यात वेगळी केली असेल, तर १४६३ आणि १४७३ सेमी⁻¹ या जोडशिखरावरून साखळ्यांच्या घट्ट रचनेबद्दल विधान करू नये. ती रचना ३५ ते ४० अंशांपासूनच मोडू लागते आणि थंड झाल्यावर ती पूर्ववत झाली, असे गृहीत धरता येत नाही.