साथ ओसरल्यासारखी वाटते तेव्हा: घराने आणि सोसायटीने सावधपणा कसा टिकवावा

साथीच्या पहिल्या महिन्यात सावध राहायला कोणाला शिकवावे लागत नाही, कारण ते काम भीतीच करते. खरी अडचण आठव्या-दहाव्या महिन्यात येते, जेव्हा रोग गावात असतो पण त्याची बातमी आतल्या पानावर गेलेली असते. महाराष्ट्राने हे २०२०-२१ च्या हिवाळ्यात अनुभवले. सप्टेंबर २०२० च्या मध्यास देशात दिवसाला ९७ हजारांहून अधिक नवे कोविड रुग्ण नोंदले जात होते. फेब्रुवारी २०२१ च्या सुरुवातीस काही दिवस हा आकडा दहा हजारांच्याही खाली आला. लसीकरण १६ जानेवारीला सुरू झाले होते, मुंबईची लोकल १ फेब्रुवारीपासून ठरावीक वेळांत सर्वांसाठी खुली झाली होती, आणि ‘सुटलो एकदाचे’ असे बहुतेकांनी मनाशी ठरवून टाकले. त्याच महिन्यात अमरावतीत रुग्ण इतके वाढले की २२ तारखेपासून तिथे पुन्हा टाळेबंदी लावावी लागली, आणि १८ एप्रिलला राज्यात एका दिवसात ६८ हजारांहून अधिक रुग्णांची नोंद झाली.

या लाटेचे सगळे खापर लोकांच्या बेफिकिरीवर फोडणे अन्यायाचे होईल. नंतर ज्याला डेल्टा हे नाव मिळाले तो विषाणूचा प्रकार आधीच्यापेक्षा वेगाने पसरणारा होता, आणि तो कोणाच्या हलगर्जीपणाची वाट पाहत थांबला नसता. मात्र तो आला तेव्हा आपण कोणत्या अवस्थेत होतो, हे आपल्या हातात होते. त्या काळात मी साठ सदनिकांच्या एका सोसायटीचा सचिव होतो. पुढे जे लिहिले आहे त्यातील बराचसा भाग आमच्याकडून जे चुकले त्यातूनच आलेला आहे.

आधी काय सोडायचे ते ठरवा

आमच्या फाटकाशी टेबलावर सॅनिटायझरची बाटली असे. जानेवारीपर्यंत तिच्या पंपाच्या तोंडाशी चिकट थर वाळून बसला होता. येणारा माणूस पंप दाबल्यासारखे करी, हात चोळल्यासारखे करी आणि आत जाई. शेजारी कपाळापुढे धरायचे तापमान यंत्र होते, ते थंडीत बहुतेकांचे तापमान ३२ अंश सेल्सिअस दाखवी आणि सुरक्षारक्षक तो आकडा वहीत सुवाच्य अक्षरांत लिहून ठेवी. ज्याच्या शरीराचे तापमान खरोखर ३२ अंश आहे त्याला चालत आत येता येणार नाही, हे चार महिन्यांत साठ घरांपैकी एकाच्याही लक्षात आले नाही, माझ्याही नाही. नियम पाळले जात होते, पण त्यांच्याकडे कोणी पाहत नव्हते.

म्हणून सावधपणा टिकवण्याची पहिली पायरी म्हणजे नियमांची यादी निम्मी करणे. माणसाची काळजी घेण्याची ताकद मर्यादित असते आणि ती दुधाच्या पिशव्या साबणाने धुण्यात खर्च झाली, तर बंद खोलीत वीस माणसांबरोबर जेवायला बसताना ती शिल्लक राहत नाही. कोविड मुख्यतः श्वासावाटे, हवेतून पसरतो. अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने एप्रिल २०२१ मध्ये स्पष्ट केले की दूषित पृष्ठभागाला एकदा हात लागल्याने संसर्ग होण्याची शक्यता साधारणपणे दहा हजारांत एकापेक्षाही कमी आहे. तेव्हा भाज्या सोड्याच्या पाण्यात भिजवणे, पार्सल दोन दिवस गॅलरीत ठेवणे आणि जिन्याचे कठडे रोज फवारणे हे बिनधास्त सोडून द्यावे. हात धुणे इतर अनेक रोगांसाठी उपयोगी आहे, ते राहू द्यावे.

टिकवायच्या गोष्टी चारच आहेत: बंद आणि गर्दीच्या जागी चांगला मास्क, खोलीत खेळती हवा, लक्षण दिसताच घरी थांबणे, आणि लस वेळेवर घेणे. मास्क नाकावर घट्ट बसणारा हवा. पुढे झडप असलेला एन-९५ घालणाऱ्याच्या श्वासाचा बराच भाग गाळल्याविना बाहेर सोडतो, म्हणून तो दुसऱ्याच्या संरक्षणासाठी कमी पडतो. हवेसाठी समोरासमोरच्या दोन खिडक्या उघडाव्यात, आणि एकच खिडकी असेल तर तिच्याकडे तोंड करून टेबलफॅन ठेवावा, म्हणजे खोलीतील हवा बाहेर फेकली जाते.

या संदर्भात एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. अनेक सोसायट्यांनी घरकामाला येणाऱ्या मावशींना महिनोन्‌महिने आत येऊ दिले नाही, सामान पोहोचवणाऱ्या मुलांना लिफ्ट बंद ठेवली, आणि त्याच सोसायट्यांतील कुटुंबे डिसेंबरात लग्नांना जाऊन आली. फक्त दुसऱ्याला लागू असणारा नियम पाळणाऱ्याला सावध असल्याचे समाधान देतो आणि त्याची स्वतःची वागणूक मोकळी सोडतो, म्हणून तो बेफिकिरीहूनही वाईट. मावशींना ताप आला तर पगार न कापता दहा दिवस सुटी, हा एक नियम त्या सगळ्या बंदीपेक्षा अधिक उपयोगाचा आहे, कारण पगार कापला जाणार असेल तर ताप लपवला जातो.

आकडा वाचायला शिका

बेफिकिरीचे मूळ बहुतेक वेळा आकड्याच्या चुकीच्या वाचनात असते. आज संसर्ग झालेल्या माणसाला लक्षणे काही दिवसांनी (२०२० मध्ये सरासरी पाच-सहा) दिसतात, तो आणखी एक-दोन दिवस ‘हवा बदलली आहे’ म्हणत काढतो, मग तपासणी, मग अहवाल. म्हणजे सकाळी वर्तमानपत्रात छापलेला आकडा आठ-दहा दिवसांपूर्वीच्या गाठीभेटींचा हिशेब असतो. मृत्यूंचा आकडा त्याच्याही दोन-तीन आठवडे मागून येतो. ‘रुग्ण वाढत आहेत, पण मृत्यू तर होत नाहीत’ हे वाक्य प्रत्येक लाटेच्या सुरुवातीला ऐकू येते आणि प्रत्येक वेळी ते काही आठवडेच खरे असते.

दुसरी गफलत दुपटीची. दर आठवड्याला दुप्पट होणारे १०० रुग्ण चार आठवड्यांत १,६०० होतात. यातील पहिले दोन आठवडे कोणाला काही वाटत नाही, कारण १०० चे २०० होणे आपल्या गल्लीत दिसत नाही. फेब्रुवारी २०२१ च्या आरंभी राज्यात रोज दोन-तीन हजार रुग्ण होते. २१ तारखेला हा आकडा सात हजारांच्या घरात पोहोचला. सप्टेंबरच्या तुलनेत तोही लहान दिसत होता आणि आम्ही त्याच तुलनेवर विसंबलो. पाहायची होती ती दिशा.

म्हणून रोजचा आकडा पाहूच नये. रविवारी अनेक प्रयोगशाळांत काम कमी होते, त्यामुळे सोमवार-मंगळवारचे आकडे हमखास कमी दिसतात आणि नेमके तेच व्हॉट्सॲपवर आनंदाने फिरतात. महापालिकेच्या किंवा जिल्ह्याच्या पत्रकातून सात दिवसांच्या एकूण तपासण्या आणि एकूण बाधित घ्यावेत आणि त्यांची टक्केवारी काढावी: १४,००० तपासण्यांत ७०० बाधित म्हणजे ५ टक्के. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये निर्बंध सैल करण्यासाठी सलग दोन आठवडे ५ टक्क्यांच्या खाली, हा निकष सुचवला होता. घरच्या वापरालाही तो पुरेसा आहे. टक्केवारी वाढत असेल आणि तपासण्या घटत असतील, तर रुग्णसंख्या कमी दिसली तरी ती कमी नाही.

पाहणीचा आकडा तर आणखी जपून वाचावा. ऑगस्ट २०२० मध्ये पुण्याच्या पाहणीत निम्म्याहून अधिक लोकांच्या रक्तात प्रतिपिंडे, म्हणजे संसर्ग होऊन गेल्याची खूण, आढळल्याची बातमी आली आणि ‘पुण्यात निम्म्यांना होऊन गेला’ असे सर्वतोमुखी झाले. प्रत्यक्षात ५१.५ टक्के हा आकडा आधीच जास्त संसर्ग असलेल्या निवडक पाच प्रभागांचा होता. मुंबईतील तीन वॉर्डांच्या पाहणीत झोपडपट्टीत ५७ टक्के आणि इतरत्र १६ टक्के असे दोन वेगळे आकडे होते, त्यांतील पहिलाच सोयीस्करपणे सर्वांच्या लक्षात राहिला.

कधी घट्ट, कधी सैल, हे आधीच लिहून ठेवा

आकडे कमी असताना, डोके शांत असताना, एक पानभर मजकूर लिहावा आणि समितीच्या बैठकीत मंजूर करून घ्यावा. त्यात दोनच अवस्था असाव्यात. शहराची साप्ताहिक टक्केवारी ५ च्या वर गेली, किंवा एकमेकांशी संबंध नसलेल्या दोन घरांत एकाच आठवड्यात रुग्ण निघाले, की सभागृह बंद, बैठका गच्चीवर, लिफ्टमध्ये मास्क. दोन आठवडे दोन्ही अटी सुटल्या की सर्व पूर्ववत, आणि तसे फलकावर तारखेसह जाहीर करावे. ही जाहीर सूट फार महत्त्वाची आहे. आमच्याकडे नियम कधी उठवलेच गेले नाहीत, ते नुसते विरत गेले, त्यामुळे फेब्रुवारीत ‘पुन्हा लागू’ म्हणायची सोयच उरली नाही. कागदोपत्री ते लागूच होते.

आमची कसोटी हळदीकुंकवाने घेतली. त्या वर्षी रथसप्तमी १९ फेब्रुवारीला होती, आणि तिळगूळ, वाण, अत्तर, सारे सभागृहातच व्हावे असा आग्रह होता, कारण गच्चीवर ऊन लागते. मी सचिव म्हणून नाही म्हणालो असतो तर ते माझे वैयक्तिक मत ठरले असते, आणि मला सर्वांशी वाईटपणा घ्यायचा नव्हता. मी गप्प राहिलो. पुढच्या दहा दिवसांत चार घरे आजारी पडली. कोणाला कुठे झाले हे सिद्ध करता येत नाही, पण आधी मंजूर केलेला कागद हाती असता तर ‘काकू, या आठवड्यात टक्केवारी वर गेली आहे, वाण दारातच देऊ या’ एवढे म्हणणे सोपे झाले असते. लिहिलेला नियम माणसाला वाईटपणातून सोडवतो, आणि आपल्याकडे बहुतेक सावधपणा भिडेपोटीच मोडतो.

घरापुरतेही असेच वाक्य तयार ठेवावे. लग्नाच्या आमंत्रणाला ‘बघतो, जमवतो’ असे उत्तर दिले की शेवटच्या दिवशी जावेच लागते; त्याऐवजी ‘घरात आई ऐंशीच्या आहेत, म्हणून या महिन्यात हॉलमधल्या कार्यक्रमांना येत नाही, जोडप्याला भेटायला घरी नक्की येऊ’ असे पहिल्याच फोनवर सांगावे. लस घेतलेल्यांनी हेही लक्षात ठेवावे की डोसचा परिणाम दिसायला साधारण दोन आठवडे लागतात. मार्च २०२१ मध्ये केंद्राच्या रांगेतच मास्क हनुवटीवर आणून गप्पा मारणारे ज्येष्ठ मी पाहिले आहेत.

साहित्य

पल्स ऑक्सिमीटर, म्हणजे रक्तातील ऑक्सिजनची टक्केवारी दाखवणारे बोटाला लावायचे यंत्र, कपाटात ठेवताना त्यातील सेल काढून ठेवावेत. मी काढले नव्हते. एप्रिलमध्ये यंत्र बाहेर काढले तेव्हा सेल पाझरून आतील पट्ट्या हिरव्या पडल्या होत्या आणि शहरात नवे यंत्र मिळत नव्हते. महिन्यातून एकदा ते चालते का ते पाहावे. नखांना गडद रंग किंवा मेंदी असेल, बोटे गार असतील, तर नोंद चुकते. बोट चोळून गरम करावे आणि आकडा स्थिर होईपर्यंत थांबावे. राज्याच्या आरोग्य विभागाने सुचवलेली सहा मिनिटांची चालण्याची चाचणी घरातील प्रत्येकाला आधीच शिकवून ठेवावी: बसल्या जागी नोंद घ्यायची, घरातच सपाट जमिनीवर सहा मिनिटे नेहमीच्या चालीने चालायचे, पुन्हा नोंद घ्यायची. आकडा ९३ च्या खाली गेला, किंवा आधीपेक्षा तीनहून अधिक अंकांनी उतरला, किंवा धाप लागली, तर वाट पाहत बसू नये. लगेच डॉक्टरांना कळवावे. साठीच्या पुढच्यांनी तीन मिनिटे चालले तरी चालते.

डॉक्टरांचा, रुग्णवाहिकेचा आणि पालिकेच्या नियंत्रण कक्षाचा क्रमांक फ्रिजच्या दारावर लावावा, आणि त्या कागदाच्या खालच्या कोपऱ्यात तो शेवटचा कधी तपासला त्याची तारीख पेन्सिलीने लिहावी, म्हणजे खोडून पुढची घालता येते.