मन शांत व्हावं म्हणून बसलात आणि धडधड वाढली? योग करताना या चुका टाळा

मालवण तालुक्यातल्या आमच्या वाडीत मी घराच्या पडवीत संध्याकाळी योगाचा वर्ग घेते. मासळी विकणाऱ्या बायका येतात, गुडघे गेलेल्या दोन आजी येतात. आंबे काढताना कलमावरून पडून कमरेखालची ताकद गेलेले एक भाऊ चाकाच्या खुर्चीतून येतात. एका मुलीला ऐकू येत नाही. तक्रार बहुतेकांची एकच: "जीव घाबरता गो बाय." झोप नाही, छातीत धडधड, आणि तिन्हीसांजेला काहीतरी वाईट होणार असं उगाच वाटत राहणं. यातले बरेच जण आधी योग करून पाहून, जमत नाही म्हणून सोडून दिलेले होते. मला वाटतं, त्यांना शिकवलेलं त्यांच्या अंगाला बेतून दिलेलंच नव्हतं.

घाबऱ्या जिवाला कपालभाती

सगळ्यात जास्त बिघडतं ते इथे. टीव्हीवर पाहून माणसं कपालभाती किंवा भस्त्रिका सुरू करतात. ज्याला आधीच घाबरायला होतं त्याने हे करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. भराभर श्वास फेकला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा कमी होतो. मग ओठांभोवती आणि बोटांत मुंग्या येतात, डोकं हलकं होतं, हृदय जोरात धडधडतं. घाबरण्याचा झटका येतो तेव्हाही अंगात हेच होतं. माणसाला वाटतं झटका आला, आणि त्या भीतीने तो खरंच येतो. "दीर्घ श्वास घे, अजून घे" हा घरच्यांचा सल्लाही अशा वेळी उलटा पडतो.

लक्ष श्वास सोडण्याकडे द्या. वाटीतली गरम पेज फुंकून गार करतो तसा ओठांचा चंबू करा आणि सावकाश फुंकर सोडा. श्वास आत येताना मनात तीनपर्यंत मोजा, बाहेर जाताना पाचपर्यंत. पाच जमत नसतील तर चार. श्वास बाहेर जाताना व्हेगस नावाच्या मज्जातंतूमार्फत हृदयाची गती थोडी मंदावते, म्हणून तो भाग लांबवायचा. पाचसहा वेळा केलंत तरी पुष्कळ. कुंभक, म्हणजे श्वास रोखून धरणं, यात नको. रक्तदाब असलेल्यांनी आणि गरोदर बाईने तर ते टाळायचंच.

काहींना श्वासाकडे लक्ष दिलं की जास्तच घाबरायला होतं. त्यांनी श्वासाचा नाद सोडावा. तळपाय जमिनीवर दाबावेत, हात सावकाश वरखाली करावेत, श्वास आपला आपण लयीत येतो. पावसात नाक चोंदलेलं असताना अनुलोम-विलोमचा हट्ट धरू नका. गुणगुणत भ्रामरी करा, तीही कानात बोटं न घालता चालते.

मांडी घातलीच पाहिजे हा हट्ट

योगसूत्रांच्या दुसऱ्या पादातलं ४६ वं सूत्र एवढंच सांगतं: स्थिरसुखमासनम्. स्थिर आणि सुखाचं ते आसन. गुडघे ठणकत असताना यातलं सुखही नसतं आणि स्थिरपणाही. पुण्यात बी. के. एस. अय्यंगार यांनी खुर्ची, पट्टे, विटा, लोड वापरून आजारी आणि वयस्क माणसांना आसनं शिकवली. तरीही आपल्याकडे खुर्ची मागायला आजींना लाज वाटते, याचं मला फार वाईट वाटतं.

खुर्चीत काही चुका मात्र होतात. पावसाळ्यात लादीला ओल येते आणि प्लास्टिकची खुर्ची सरकते, म्हणून तिची पाठ भिंतीला लावून ठेवा. पाय लोंबकळत असतील तर खाली पाट घ्या. झोपाळ्यावर करू नका, चक्कर येणाऱ्याला त्याने आणखी गरगरतं. मग श्वास घेताना छाती किंचित पुढे, सोडताना पाठ गोल. बसल्या जागी मार्जारासन झालं. पाय भिंतीवर टेकवायची विपरीत करणी जमत नसेल तर चटईवर पडून पोटऱ्या बाकड्यावर ठेवा. चटईवरून उठणंच अवघड असेल तर पलंगावर पडून पायांखाली दोन उशा घ्या. काचबिंदू असेल तर डोकं खाली जाणारी आसनं नकोत.

चाकाच्या खुर्चीतल्या भाऊंना पूर्वी कुणीतरी सांगितलं होतं, "तुम्ही फक्त डोळे मिटून बसा." त्यांचे हात, मान, बरगड्या, सगळं चालतं! आधी चाकांचे ब्रेक लावायचे, मग श्वास घेत हात वर, सोडत खाली, मग बाजूला वळणं. पायांना संवेदना नसेल तर एक काळजी हवी. उन्हाने तापलेल्या जांभ्याच्या पायरीला पाय लागून भाजला तरी कळत नाही, आणि एका जागी फार वेळ राहिलं की त्वचेला जखम होते. खाली जाड गोधडी घ्या, मधे मधे अंग उचला आणि झाल्यावर त्वचा पाहा.

"डोळे मिटा, शांत व्हा"

मे २०२१ मध्ये तौक्ते वादळात आमच्याकडे कौलं उडाली, माड पडले. त्यानंतर शवासनात वारा घोंघावला की काही जणी दचकून उठत. तरी मी महिनाभर "डोळे मिटा" म्हणतच राहिले. ती माझी चूक होती. आता डोळे उघडे ठेवायला सांगते: वर बघा, वासे मोजा, ऐकू येतंय ते मनात म्हणा. समुद्राची गाज, बेडूक, तिठ्यावरची एसटी. पाठीवर उताणं पडणं नकोसं वाटत असेल तर कुशीवर पडा. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत तर डाव्या कुशीवरच.

ऐकू न येणाऱ्या मुलीला डोळे मिटायला लावणं म्हणजे तिचं जगाशी असलेलं बोलणंच तोडणं. ती समोर बसते. भ्रामरी करताना तिचा तळहात तिच्याच छातीवर असतो, तिथे थरथर कळते. दिसत नसलेल्या माणसाला "असं करा" म्हणून दाखवू नका, शब्दांत सांगा, आणि हात लावण्याआधी विचारा.

रिकाम्या पोटाचा नियम सगळ्यांना सारखा लावू नका. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्याला उपाशीपोटी घाम, थरथर, धडधड सुरू झाली तर ती साखर उतरल्याची खूण असू शकते. जवळ साखर ठेवा.

गोळ्या परस्पर बंद करणं

दोन आठवडे बरं वाटलं की काही जण मानसोपचारतज्ज्ञांची औषधं सोडून देतात. एकदम बंद केली की त्रास उलटतो. कमी करायची ती डॉक्टरांना विचारूनच. धडधड पहिल्यांदाच होत असेल तर थायरॉइड आणि हिमोग्लोबिनही तपासून घ्या. छातीत दाब, घाम, हात किंवा जबडा दुखणं असेल तर प्राणायाम करत बसू नका, १०८ ला फोन करा.

रत्नागिरीच्या मनोरुग्णालयाचं नाव आपल्याकडे थट्टेत घेतात, म्हणून माणसं तिथे जायला कचरतात. घरबसल्या बोलायचं असेल तर टेली मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे. चोवीस तास, फुकट, आणि मराठीत बोलता येतं. आमच्या पडवीतल्या खांबावर तो मी खडूने लिहून ठेवला आहे. पावसाच्या ओलीने पुसला की पुन्हा लिहिते.