मुदत ठेव संपली की बँकेत होणाऱ्या या चुका टाळा

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी या पट्ट्यात ठेवीचा पैसा सहज आलेला नसतो. उसाचं बिल, तंबाखूचा सौदा, पलटणीतून निवृत्त होताना मिळालेली रक्कम, लेकीच्या लग्नासाठी बाजूला काढलेले चार पैसे. ही ठेव नेमकी कधी संपते हे घरच्यांच्या लक्षात नसलं तरी बँकेच्या संगणकात दिसत असतं. म्हणून मुदतीच्या आधी फोन येतो, "काका, शाखेत येऊन जावा, तुमच्यासाठी चांगली स्कीम आलीय." फोन करणाऱ्यावर बऱ्याचदा विमा विकायचं टार्गेट असतं, आणि मार्च जवळ आला की ते जास्तच टोचतं. त्याच्याशी भांडायचं कारण नाही. पण त्याच्या टेबलावर बसून निर्णयही घेऊ नका.

सगळ्यात महाग पडणारी चूक म्हणजे जुनी ठेव संपल्याची सही आणि नव्या गुंतवणुकीची सही एकाच बैठकीत करणं. आधी पैसे बचत खात्यात येऊ द्या, पासबुकात नोंद पाडून घ्या आणि घरी या. "आज नाही केलं तर व्याज बुडेल" असं सांगतील. हिशोब करून बघा. बचत खातं आणि ठेव यांच्या व्याजदरात चार टक्क्यांचा फरक धरला, तर पाच लाखांवर आठवडाभरात साधारण ३८० रुपये कमी मिळतात. शांत डोक्याने विचार करायला आणि पोराबाळांना कागद दाखवायला एवढी किंमत मोजायला काहीच हरकत नाही.

"ही पण ठेवच आहे, फक्त व्याज जास्त" हे वाक्य ऐकलं की तिथेच थांबा. कागदावर प्रीमियम, पॉलिसी, विमाधारक यातला एक जरी शब्द असेल तर ती ठेव नाही, विमा आहे. आपल्याकडे अडचण अशी की फॉर्म कन्नड किंवा इंग्रजीत असतो, आणि समोरचा गोड मराठीत बोलला की "आपलाच माणूस आहे" म्हणून आपण सही करून मोकळे होतो. भाषा आपली असली तरी जबाबदारी कागदावर लिहिलेल्या मजकुराची असते, तोंडी बोलण्याची नाही. मराठीत सांगितलेलं सगळं त्याच्याकडून एका कागदावर लिहून, सही-शिक्क्यासह मागा: पैसे एकदाच भरायचे की दरवर्षी, किती वर्षं, आणि मध्येच बंद केलं तर हातात किती. जे खरं असेल ते लिहून द्यायला कुणाला अडचण येऊ नये.

दरवर्षीच्या हप्त्याचा मुद्दा तर फारच घातक. पासष्टीच्या माणसाला पाच लाख "एकदाच" म्हणून भरायला लावतात, आणि पुढच्या वर्षी पुन्हा पाच लाखांची मागणी येते. पहिल्याच वर्षानंतर थांबलं तर भरलेल्यातला मोठा भाग जाऊ शकतो. युलिप, म्हणजे शेअर बाजाराशी जोडलेला विमा असेल तर पाच वर्षं पैसे अडकतात. त्यात वर एक तक्ता दाखवतात, ज्यात चार टक्के आणि आठ टक्के असे दोन रकाने असतात. बोट नेहमी आठ टक्क्यांवर ठेवलं जातं. ते दोन्ही निव्वळ गृहीत धरलेले दर आहेत. खात्रीची रक्कम कोणती, ते वेगळं विचारा.

मग विमा कंपनीचा खातरजमेचा फोन येतो. "सगळ्याला हो म्हणा, नाहीतर फाईल अडकते," असं शाखेतून आधीच शिकवून ठेवलेलं असतं. हे अजिबात ऐकू नका. हे बोलणं रेकॉर्ड होतं, आणि पुढे तक्रार केली की तुमचाच "हो" तुमच्यासमोर ठेवतात. हप्ता दरवर्षीचा आहे हे कळलं नव्हतं, तर तसंच सांगा. ओटीपीही कुणाला वाचून दाखवू नका.

सही होऊन गेली असली तरी घाबरू नका. पॉलिसीचा दस्तऐवज मिळाल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते. थोडी कपात होते, बाकी पैसे परत येतात. अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या. पुढचे हप्ते खात्यातून आपोआप कापायची परवानगी दिली असेल तर तीही त्याच दिवशी लेखी रद्द करा. "पुढच्या आठवड्यात या, साहेब रजेवर आहेत" हे ऐकत बसलात तर ते दिवस संपतात.

ठेव तशीच विसरून राहणं, ही दुसऱ्या टोकाची चूक. नूतनीकरणाची सूचना दिलेली नसेल, तर मुदतीनंतर बचत खात्याचा दर किंवा ठेवीचा ठरलेला दर, यातला जो कमी असेल तोच मिळतो. नूतनीकरण आपोआप होत असेल तर नवा दर आणि नवी मुदत तपासा, आणि वारसाचं नाव नोंदलंय का तेही. साठी ओलांडली असेल तर पोस्टातली ज्येष्ठ नागरिक बचत योजना पण विचारा. तीत ३० लाखांपर्यंत ठेवता येतात आणि व्याज दर तीन महिन्यांनी मिळतं.

बँकेवर रागावून पैसे काढून गल्लीतल्या सोसायटीत टाकणारेही आपल्याकडे बरेच आहेत. तिथे दर जास्त दिसतो. पण बँक बुडाली तर मिळणारं ठेव विमा महामंडळाचं संरक्षण बँकेतल्या ठेवीला आहे, सहकारी बँकाही त्यात येतात, एका बँकेत एका माणसाला मुद्दल-व्याज धरून पाच लाखांपर्यंत. पतसंस्था आणि बँक नसलेल्या सौहार्द सहकारी संस्था यांना ते नाही. "सहकारी" हा शब्द पाटीवर दिसला म्हणून ती बँक होत नाही.

बँकेने खोटं सांगून विकलं असेल तर आधी शाखेकडे लेखी तक्रार करून पोच घ्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा समाधान झालं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. १४४४८ या नंबरवर माहिती मिळते, मराठीतूनही. विमा कंपनीबद्दल तक्रार असेल तर १५५२५५ हा विमा नियामकाचा नंबर आहे. तक्रारीत तारीख, शाखा, काय सांगितलं आणि कागदावर काय निघालं एवढंच लिहा, आणि त्या लिहून घेतलेल्या कागदाची झेरॉक्स जोडा.