'वायफाय चालत नाही' म्हणजे नेमकं काय चालत नाही? कॅम्पसवर नव्यानं आलेल्यांसाठी

सत्र सुरू झालं की पहिल्या आठवड्यात हेल्पडेस्कसमोर रांग लागते आणि बहुतेकांची तक्रार एकाच वाक्यात असते: वायफाय चालत नाही. एवढ्यावरून समोरच्याला काहीच कळत नाही. तुमचं यंत्र आणि इंटरनेट यांच्यामध्ये चार पायऱ्या असतात. आधी सिग्नल, मग तुम्ही कोण याची तपासणी, मग आयपी पत्ता (नेटवर्कवरचा तुमच्या यंत्राचा क्रमांक), आणि शेवटी साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारं डीएनएस. कुठल्या पायरीवर अडलंय ते तुमचं तुम्हालाच पाहता येतं.

कॅम्पसवर साधारण दोन प्रकारची नेटवर्क दिसतात. एक बिनकुलपाचं, जोडल्यावर ब्राउझरमध्ये लॉगिनचं पान उघडणारं. दुसरं कुलपाचं, युजरनेम आणि पासवर्ड दोन्ही मागणारं. बऱ्याच विद्यापीठांत त्याचं नाव एड्युरोम असतं. रोजच्या वापराला कुलपाचंच घ्या. बिनकुलपाच्या नेटवर्कवर हवेतून जाणाऱ्या माहितीला वायफायचं स्वतःचं संरक्षण नसतं. ते पाहुण्यांसाठी, किंवा फार तर एड्युरोमची सेटिंग उतरवून घेण्यापुरतं.

एड्युरोम शंभराहून अधिक देशांत आहे. दुसऱ्या विद्यापीठात गेलात तरी तुमचा पासवर्ड तिथे तपासला जात नाही. विचारणा तुमच्या मूळ विद्यापीठाच्या सर्व्हरकडे जाते आणि 'हो, आमचाच आहे' असं उत्तर आलं की दार उघडतं. म्हणून युजरनेम '@' आणि पुढच्या डोमेनसकट पूर्ण लिहायचं. नुसतं नाव लिहून काही ठिकाणी आपल्या कॅम्पसवर जोडलं जातं, आणि बाहेर गेल्यावर नेमकं तेच नडतं, कारण विचारणा कुणाकडे पाठवायची हे तिथल्या यंत्रणेला कळत नाही. प्रवासाआधी घरच्या कॅम्पसवर पूर्ण नावानं एकदा जोडून पाहा. पासवर्डची मुदत संपली असेल तर यजमान विद्यापीठाचं हेल्पडेस्क काही करू शकत नाही, तिथे भांडून उपयोग नाही.

आता सर्टिफिकेट, म्हणजे समोरचा सर्व्हर खरंच तुमच्या विद्यापीठाचा आहे हे पटवणारं डिजिटल ओळखपत्र. सगळ्यात जास्त लोक इथेच अडकतात. अँड्रॉइडवर हाताने जोडताना रकाने येतात: ईएपी पद्धत (ओळख तपासण्याची पद्धत), फेज २ (तिचा दुसरा टप्पा), सीए सर्टिफिकेट (सीए म्हणजे सर्टिफिकेट देणारी संस्था), डोमेन, आयडेंटिटी, अॅनॉनिमस आयडेंटिटी, पासवर्ड. पुष्कळ ठिकाणी पहिल्यात पीईएपी आणि दुसऱ्यात एमएसचॅप-व्ही२ लागतं, पण खात्री विद्यापीठाच्या सूचनेवरूनच करा. सीए सर्टिफिकेटमध्ये 'सिस्टीम सर्टिफिकेट्स' निवडायचं की विद्यापीठाची वेगळी फाइल बसवायची, हेही तिथेच दिलेलं असतं. डोमेनच्या रकान्यात तपासणी करणाऱ्या सर्व्हरचं नाव येतं, तुमचा ईमेल नाही. आयडेंटिटी म्हणजे पूर्ण युजरनेम.

काही फोनवर सीए सर्टिफिकेटच्या रकान्यात 'तपासू नका' असाही पर्याय असतो. तो निवडला की पटकन जोडलं जातं, म्हणून सीनियर तोच सल्ला देतात. देऊ द्या. नेटवर्कचं नाव कुणीही ठेवू शकतो. वाचनालयात कुणी त्याच नावाचं खोटं नेटवर्क उभं केलं, तर सर्टिफिकेट न तपासणारा फोन आपणहून त्याच्याशी लॉगिनची देवाणघेवाण सुरू करतो. एमएसचॅप-व्ही२ची ही देवाणघेवाण फोडता येते, हे २०१२ मध्येच जाहीरपणे दाखवलं गेलं आहे. आणि त्याच पासवर्डवर तुमचा ईमेल आणि निकालही असतात. हाताने भरण्यापेक्षा 'गेटएड्युरोम' अॅप किंवा विद्यापीठानं दिलेली प्रोफाइल वापरलेली बरी. हे रकाने आपोआप भरले जातात. सगळं बरोबर असूनही सर्टिफिकेट नाकारलं जात असेल तर यंत्राची तारीख आणि वेळ बघा. घड्याळ मागे असेल तर सर्टिफिकेटची मुदत सुरूच झाली नाही असं यंत्राला वाटतं.

पासवर्ड बदलताना एक क्रम पाळा. आधी फोन, टॅब, लॅपटॉप सगळ्यांचं वायफाय बंद, मग मोबाइल डेटावर पासवर्ड बदल, मग एकेका यंत्रावर जुनं नेटवर्क 'फरगेट' करून नव्यानं जोडणी. नाहीतर दप्तरातला टॅब जुना पासवर्ड पुन्हा पुन्हा पाठवत राहतो आणि काही चुकीच्या प्रयत्नांनंतर खातंच कुलूपबंद होतं. मग नवा पासवर्ड बरोबर असूनही काही चालत नाही.

जोडलंय पण नेट नाही? सेटिंगमध्ये आयपी पत्ता पाहा. १६९.२५४ नं सुरू होत असेल तर नेटवर्ककडून पत्ता मिळालेलाच नाही. यंत्रानं स्वतःच एक घेतलाय. वायफाय बंद-चालू करा, आणि घरी कधी आयपी किंवा डीएनएस हाताने घातला असेल तर तो पुन्हा 'ऑटोमॅटिक' करा. पत्ता ठीक असेल तर ८.८.८.८ ला (हा गुगलचा सर्व्हर) पिंग करा, म्हणजे त्याच्याकडून उत्तर येतं का ते पाहा. उत्तर येतंय पण साइट नावानं उघडत नाही, तर दोष डीएनएसचा.

बिनकुलपाच्या नेटवर्कचं लॉगिनचं पान उघडतच नसेल तर बहुधा तुम्ही एचटीटीपीएसची, म्हणजे सुरक्षित जोडणीची, साइट उघडताय. ती मध्येच लॉगिनच्या पानाकडे वळवता येत नाही, ब्राउझर इशारा देऊन थांबतो. पत्त्याच्या पट्टीत नेव्हरएसएसएल डॉट कॉम टाका, साध्या एचटीटीपीनं. अँड्रॉइडचं 'प्रायव्हेट डीएनएस' आणि व्हीपीएन लॉगिन होईपर्यंत बंद ठेवा.

काही ठिकाणी यंत्राचा मॅक पत्ता (त्याच्या वायफाय भागाचा ओळखक्रमांक) नोंदवावा लागतो. हल्लीचे फोन खरा पत्ता लपवून बनावट पत्ता दाखवतात. ओळखायची खूण सोपी: पत्त्यातलं दुसरं अक्षर २, ६, ए किंवा ई असेल तर तो बहुधा बनावट. त्या नेटवर्कपुरता 'प्रायव्हेट अॅड्रेस' बंद करून मगच नोंदवा. गेमिंग कन्सोल आणि स्मार्ट टीव्हींना बऱ्याचदा कुलपाचं नेटवर्क झेपत नाही. त्यांच्यासाठी हीच वाट असते.

सिग्नलचं म्हणाल तर दांड्यांवर जाऊ नका. अॅपलच्या मॅक संगणकावर ऑप्शन दाबून वायफायच्या चिन्हावर क्लिक केलं की आरएसएसआय, म्हणजे सिग्नलच्या ताकदीचा आकडा, दिसतो. उणे ६७ किंवा त्याहून बरा (म्हणजे शून्याकडे) असेल तर व्हिडिओ कॉलही नीट चालतो, उणे ८० ला तुटायला लागतो. वर्ग बदलल्यावर संथ झालं तर यंत्र मागच्या वर्गातल्या अॅक्सेस पॉइंटला (वायफाय देणाऱ्या डब्याला) चिकटलेलं असण्याची शक्यता असते; बंद-चालू केलं की सुटतं. वसतिगृहात प्रत्येकानं स्वतःचा राउटर किंवा हॉटस्पॉट लावला की वायफायच्या लहरींचा २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा भरून जातो, कारण तिथे एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. शक्य तिथे ५ गिगाहर्ट्झ घ्या, भिंतीपलीकडे मात्र तो लवकर विरतो.

हे सगळं करूनही अडलंच, तर हेल्पडेस्कला लिहिताना नेटवर्कचं नाव, इमारत आणि खोली, मिनिटासकट वेळ, मॅक पत्ता आणि पडद्यावरच्या संदेशाचा फोटो द्या. वेळ आणि मॅक पत्ता असेल तर त्यांना सर्व्हरच्या नोंदीत तुमचा नेमका प्रयत्न शोधता येतो. पासवर्ड मात्र लिहू नका, त्यांनी मागितला तरी.