ट्रकच्या मागून बाहेर निघण्याआधी: ओव्हरटेकच्या या चुका टाळा

वणी-घुग्घुस भागात कोळशाचे टिपर, वरुड-मोर्शीकडे संत्र्याचे ट्रक आणि दिवाळीनंतर जवळपास सगळीकडे जिनिंगकडे निघालेल्या कापसाच्या ट्रॉल्या. विदर्भातल्या दुपदरी रस्त्यावर ओव्हरटेक कोणालाच टळत नाही. तो बिघडतो मात्र बहुतेक वेळा समोरच्या गाडीच्या मागे असतानाच. बाजूला आल्यावर फक्त ती चूक दिसते.

ट्रकला चिकटून चालणं

सगळ्यात जास्त दिसणारी चूक हीच. ट्रकच्या फाळक्यापासून आठ-दहा मीटरवर गाडी ठेवली की समोरचा रस्ता दिसत नाही. मग बघण्यासाठी गाडीच उजवीकडे काढावी लागते, म्हणजे बघायच्या आधीच आपण समोरून येणाऱ्याच्या लेनमध्ये असतो. ट्रकने अचानक ब्रेक मारला तर थांबायलाही जागा उरत नाही. ट्रकच्या आरशात ड्रायव्हरचा चेहरा दिसत नसेल, तर त्यालाही तुम्ही दिसत नाही.

तीन सेकंदांचं अंतर ठेवा. ट्रक एखाद्या खांबाजवळून गेला की ‘एकशे एक, एकशे दोन, एकशे तीन’ म्हणा. तेवढं म्हणून होण्याआधी तुम्ही खांबाशी पोचलात तर मागे सरका. इतक्या अंतरावरून ट्रकच्या दोन्ही बाजूंचा रस्ता दिसतो, लेन न सोडता.

अंतराचा हिशोब न करणं

भरलेला ट्रक ताशी ४५ने चाललाय, तुम्ही ७०ने. मागे सोडलेले ४० मीटर, ट्रकची लांबी १२, तुमची गाडी ४ आणि लेनमध्ये परत येताना पुढे हवेत ३० मीटर. वेगातला फरक २५चा, म्हणून हे ८६ मीटर कापायला सुमारे १२ सेकंद लागतात. तेवढ्यात तुम्ही रस्त्यावर जवळपास २४० मीटर जाता आणि समोरून ७०ने येणारी गाडीही तेवढीच पुढे येते. म्हणजे सुरुवातीला जवळपास अर्धा किलोमीटर रस्ता रिकामा दिसायला हवा.

आता तोच ट्रक ६०ने चालतोय असं धरा. फरक फक्त १०चा, वेळ ३० सेकंदांवर आणि लागणारा रिकामा रस्ता बाराशे मीटर. एवढा सरळ, मोकळा तुकडा दुपदरी रस्त्यावर क्वचितच मिळतो. आणि मिळकत काय, तर वीस किलोमीटरमध्ये तीन मिनिटं. अशा ट्रकच्या मागे शांतपणे चालणं हाच तिथला बरोबर निर्णय.

अंतर नजरेने मोजताना रस्त्याकडेचे दगड कामी येतात. किलोमीटरच्या दोन दगडांमध्ये दर २०० मीटरवर छोटे दगड असतात, त्यांवर २, ४, ६, ८ लिहिलेलं असतं. असे अडीच टप्पे स्पष्ट दिसले तर पहिल्या उदाहरणातला ओव्हरटेक जमेल. हा हिशोब गाडी आधीच ७०वर असतानाचा आहे. ट्रकमागे ४५ने रेंगाळून पाचव्या गिअरमध्येच पाय दाबला तर गाडी उचलत नाही. बाहेर निघण्याआधीच तिसऱ्या किंवा चौथ्या गिअरमध्ये या.

एप्रिल-मे महिन्यांच्या दुपारी एक जास्तीची अडचण असते. तापलेल्या डांबरावर मृगजळ दिसतं आणि दूरच्या गाडीचा खालचा भाग त्यात विरघळतो. दुचाकी तर दिसतच नाही. अशा वेळी ‘रस्ता रिकामा आहे’ यावर दुप्पट शंका घ्या.

पट्ट्यांचा नियम सोपा आहे. तुटक पांढरी रेष ओलांडता येते, अखंड रेष ओव्हरटेकसाठी ओलांडायची नाही. दोन रेषांपैकी तुमच्या बाजूची तुटक असेल तरच परवानगी. वळण, चढाचा माथा, अरुंद पूल आणि फाटा इथे रेष पुसली गेली असली तरी ओव्हरटेक नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ प्रमाणे नियमाविरुद्ध ओव्हरटेक करणं हे धोकादायक वाहन चालवण्यात मोडतं. पहिल्या गुन्ह्याला सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा १,००० ते ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही.

ट्रॅक्टर हळू आहे म्हणून सोपा समजणं

हिशोबाने ट्रॅक्टर सोपा, प्रत्यक्षात सगळ्यात फसवा. तो उजवीकडच्या पांदणीत (शेताकडे जाणाऱ्या वाटेत) किंवा शेतात कधी वळेल ते सांगता येत नाही. ट्रॉलीला इंडिकेटर बहुधा नसतो आणि कापूस, तुराट्या किंवा कुटार भरलेलं असलं की ड्रायव्हरला मागचं काही दिसत नाही. इंजिनाच्या आवाजात हॉर्नही ऐकू जात नाही. म्हणून हॉर्न दिला म्हणजे त्याला कळलं, असं धरू नका.

आधी उजवीकडचा धुरा (शेताचा बांध) बघा. कुठे चाकोरी रस्त्याला मिळते का? फाटक, विहिरीची खोली किंवा उभी बंडी (बैलगाडी) दिसते का? ट्रॅक्टरचा वेग विनाकारण कमी झाला का, किंवा तो आधी थोडा डावीकडे गेला का? लांब ट्रॉली वळवायला चालक असा डावा झोल घेतात, आणि मागच्याला वाटतं की त्याने साइड दिली. वळणाची जागा मागे पडेपर्यंत थांबा. बाजूने जाताना दीड मीटर तरी अंतर ठेवा, कारण कापसाची ट्रॉली चाकांपेक्षा बरीच रुंद भरलेली असते.

इशाऱ्यांवर आंधळा विश्वास

पुढच्या ट्रकने डावा इंडिकेटर दिला की ‘जा, रस्ता मोकळा आहे’ असा अर्थ हायवेवर घेतला जातो. पण तोच इंडिकेटर तो ढाब्यावर थांबत असल्याचाही असतो, आणि उजवा इंडिकेटर ‘थांब’ किंवा ‘मी वळतोय’ असा दोन्ही. नियमाने इंडिकेटर फक्त त्याची दिशा सांगतो. रस्ता बघायची जबाबदारी तुमचीच. समोरून डिपर (हेडलाइटची उघडझाप) आला तर आपल्याकडे त्याचा अर्थ बहुधा ‘मी थांबणार नाही’ असाच असतो.

पुढची गाडी ओव्हरटेकला निघाली म्हणून तिच्या मागोमाग निघणं हीसुद्धा मोठी चूक. तिच्यापुरता रस्ता मोकळा होता, तुमच्यापुरता तो संपलेला असू शकतो. शिवाय तिला मागे यायची वेळ आली तर तुम्ही तिची जागा अडवलेली असते.

अर्ध्यावर कळलं की जमणार नाही, तर ब्रेक दाबा आणि परत ट्रकच्या मागे या. वेग वाढवून निघून जायचा मोह तिथेच घात करतो. आणि कोणी तुम्हाला ओव्हरटेक करत असेल तर वेग वाढवू नका. नियमही तेच सांगतो. तो अडचणीत आलेला दिसला तर तुम्ही हळू होऊन जागा करा, चूक त्याची असली तरी.

पावसाळ्यातली साइडपट्टी

काळ्या मातीची साइडपट्टी पावसात लोण्यासारखी होते आणि डांबराच्या कडेला चार-पाच इंचांची पायरी पडलेली असते. समोरच्याला जागा देताना डावी चाकं खाली उतरली तर स्टेअरिंग झटक्यात उजवीकडे ओढू नका. टायर कडेला घासतो आणि एकदम चढला की गाडी समोरच्या लेनमध्ये फेकली जाते. ॲक्सिलरेटर सोडा, स्टेअरिंग सरळ धरा, वेग पुरेसा उतरला की हळूच वर या. पांदणीच्या तोंडाशी ट्रॅक्टरच्या चाकांनी आणलेला चिखल डांबरावर पसरलेला असतो. तिथे ओव्हरटेक नकोच.

समृद्धी महामार्गावर वेगळ्या चुका

इथे समोरून कोणी येत नाही, धोका मागून येतो. कारला मर्यादा १२०, मालवाहू गाड्यांना ८०. तुम्ही ८०ने ट्रकमागे असाल आणि उजव्या लेनमध्ये कोणी १२०ने येत असेल, तर आरशात शंभर मीटरवर दिसणारी ती गाडी नऊ सेकंदांत तुमच्यापाशी असते. त्यामुळे क्रम पक्का ठेवा: मधला आरसा, उजवा आरसा, इंडिकेटर, उजव्या खांद्यावरून एक नजर, मगच लेन बदल. ट्रकच्या अगदी मागून ८०नेच उजवीकडे घुसू नका. अंतर ठेवून आपल्याच लेनमध्ये वेग धरा आणि मग निघा.

ट्रक मागे पडल्यावर मधल्या आरशात त्याचे दोन्ही दिवे दिसले की डावीकडे परत या. उजवी लेन ओव्हरटेकसाठीच असते. कोणी तिथे ८०ने बसला असेल तर एकदा डिपर द्या आणि थांबा. डावीकडून कट मारायच्या वेळीच तो डावीकडे सरकतो.

रात्री

ट्रकच्या मागे हाय बीम ठेवला की त्याच्या आरशात झळाळी जाते आणि तुमचं अंतर त्याला कळत नाही. त्याच्या बरोबरीला येईपर्यंत लो बीमच ठेवा. जंगलपट्ट्यात रोही (नीलगायी) आणि रानडुकरं रस्ता ओलांडतात, आणि एकामागे दुसरं असतंच. समोरून एकच दिवा दिसला तर ती दुचाकी समजू नका. एक दिवा गेलेला ट्रक समजून, पूर्ण रुंदीची जागा धरून, तो निघून जाईपर्यंत आपल्या लेनमध्ये थांबा.